कुस्ती-कबड्डीतली गुणी पोरं एमएमएकडे कशी वळवायची

एमएमएचे, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाचे) क्लास चालवणारे दोन-चार प्रशिक्षक एकत्र बसले की बोलणं हमखास एकाच तक्रारीवर येतं: चांगली पोरं आपल्याकडे येतच नाहीत. ज्याच्या अंगात खरी रग आणि चपळाई आहे तो क्रिकेटला जातो, कबड्डीला जातो, तालमीत जातो. आपल्याकडे येतो तो पोट कमी करायला आलेला आयटीवाला, नाहीतर मोबाइलवर एमएमएतला स्टार कॉनर मॅकग्रेगर बघून पेटलेला कॉलेजकुमार, आणि तोही महिनाभरात गायब. तक्रार खरी आहे. पण ‘लोकांना आपला खेळ माहीतच नाही’ हे जे कारण आपण पुढे करतो, ते मला पटत नाही. तालमीतल्या पोरांना एमएमएतला रशियन विजेता खबीब कोण हे पाठ असतं. त्यांना खेळ माहीत असतो, आणि तरी ती येत नाहीत. कारण त्यांनी हिशेब केलेला असतो.

तो हिशेब मोडायचा कसा, निदान आपल्या बाजूला थोडा झुकवायचा कसा, हे पुढे क्रमाने लिहितो. पश्चिम महाराष्ट्रातला कुस्तीचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण मला तो माहीत आहे. तुमच्या भागात कुस्तीऐवजी बॉक्सिंग किंवा ज्युदो असेल, तर तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

पहिली पायरी: समोरच्याचा हिशेब आधी आपण मांडून बघा

चंदगड तालुक्यातल्या कबड्डीपटू पोराला सिद्धार्थ देसाई माहीत असतो. कोल्हापूर जिल्ह्यातलाच हा गडी. २०१९ च्या प्रो कबड्डी लिलावात त्याला १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांच्या वर गेले. पैलवानाच्या घरी विजय चौधरींचं नाव निघतं: सलग तीनदा महाराष्ट्र केसरी आणि मग पोलिस उपअधीक्षक. पैलवान राहुल आवारेही पोलिस उपअधीक्षक झाले. आणि एवढी उंची न गाठणाऱ्यालासुद्धा राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, सैन्यदल आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत.

आता आपल्या बाजूचं ताट बघा. ऑलिंपिकमध्ये आपला खेळ नाही. सरकारी नोकरीच्या दृष्टीने आपल्या बहुतेक प्रमाणपत्रांना घरातल्या भिंतीपलीकडे किंमत नाही. केजमध्ये, म्हणजे लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, एखादा डाव चुकला की नाक मोडतं, ते वेगळंच.

अमेरिकेत उलटं झालं म्हणून तिथे हा खेळ फोफावला. तिथला कॉलेजचा कुस्तीगीर शिष्यवृत्तीवर चार-पाच वर्षं खेळतो, आणि कॉलेज संपलं की कुस्तीत पोट भरायची फारशी सोय उरत नाही. म्हणून दोनदा ऑलिंपिक संघात निवडला गेलेला डॅनियल कॉर्मियर एमएमएत आला, २००८ चा सुवर्णपदक विजेता हेन्री सेहुडो आला. आपल्याकडे कुस्तीतून नोकरी मिळते, म्हणून पहिल्या फळीतला पैलवान आपल्याकडे येणार नाही, आणि त्याने येऊही नये. हे एकदा मान्य केलं की पुढचं काम सोपं होतं. जो हातातली नोकरी सोडून येईल अशा पोराची वाट बघत बसण्यापेक्षा ज्याच्यापुढची वाट बंद होत आलीय त्याच्याकडे जा.

दुसरी पायरी: नेमका कोण, हे ठरवा

पॅरिस ऑलिंपिकला पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये फक्त सहा वजनगट होते: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. प्रत्येक गटात देशाचा एकच मल्ल. जागतिक स्पर्धेत गट दहा असतात, त्यातले ६१, ७० , ७९ आणि ९२ हे चार ऑलिंपिकला गाळले जातात. म्हणजे ६१ किलोचा पैलवान मोठा व्हायला लागला की त्याला एकतर हाडं काढून ५७ ला उतरावं लागतं, नाहीतर ६५ ला जाऊन आडदांड गड्यांशी झुंजावं लागतं.

आता एमएमएचे गट बघा. बँटमवेट ६१.२ किलो, लाइटवेट ७०.३, वेल्टरवेट ७७.१, लाइट हेवीवेट ९३. कुस्तीत जिथे फट आहे, नेमकी तिथेच आपली जागा आहे. अर्थात आकडा आकड्याला चिकटवून चालत नाही. कुस्तीत सामन्याच्या दिवशी सकाळी वजन होतं, व्यावसायिक एमएमएत आदल्या दिवशी. त्यामुळे एमएमएतला ‘६१’ चा माणूस प्रत्यक्ष केजमध्ये बराच भरलेला असतो, आणि कुस्तीतला ६१ वाला कदाचित ५६.७ च्या फ्लायवेटलाच शोभेल. पण ‘तुझ्या वजनाला पुढे वाट नाही’ असं ज्या पोराला सांगितलं गेलंय, त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे एक ठोस मुद्दा झाला.

मी ज्यांच्याकडे बघतो ती पोरं साधारण अशी: वय १७ ते २१, जिल्हा गाजवलेला, राज्याला दोनदा-तीनदा उपांत्य फेरीपर्यंत गेलेला, पण पुढे एखादा असा मल्ल बसलेला की तो हलत नाही. किंवा मॅटवर गुण घेताना कमी पडणारा, पण मातीत दमाचा, खडाखडी करून समोरच्याला थकवणारा. किंवा तालमीत अधूनमधून हाणामारीवर येतो म्हणून बोलणी खाणारा, मात्र हा नीट पारखून घ्या. राग आवरत नसेल तर तो आपल्याही कामाचा नाही. मुलींमध्ये बॉक्सिंग, ज्युदो आणि विशेषतः वुशू या चिनी युद्धकलेतल्या सांडा प्रकाराकडे बघा. सांडात ठोसे, लाथा आणि पाडणं तिन्ही असतं. उत्तर प्रदेशच्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली पूजा तोमर वुशूतूनच आली, आणि जून २०२४ मध्ये लुइसव्हिलला रायाने दोस सांतोसला हरवून यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी स्पर्धेत, लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली.

ज्याला हात लावायचा नाही तो म्हणजे चौदा वर्षांचा राज्य विजेता. त्याला त्याच्या खेळात वाढू द्या. तुम्ही त्याला आज ओढलंत तर तो तिकडचाही राहणार नाही.

तिसरी पायरी: आधी वस्ताद, मग पोरगा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्रशिक्षक थेट पोराच्या इन्स्टाग्रामवर मेसेज टाकतो, ‘भाई, तू खूप टॅलेंटेड आहेस, आमच्याकडे ये.’ दुसऱ्या दिवशी ते तालमीत सगळ्यांना कळतं, आणि तुमच्या नावावर कायमची फुली पडते. कोल्हापूर-सांगलीकडे पोरगा घरच्यांपेक्षा जास्त तालमीचा असतो. त्याला पहाटे उठवणारा, त्याच्या खुराकाचं बघणारा, आजारपणात दवाखान्यात नेणारा वस्ताद असतो. त्याला डावलून काहीही होत नाही.

तालमीत जायचं तर सरावाच्या वेळी जा, चपला बाहेर काढा, आखाड्याच्या मातीला हात लावून नमस्कार करा आणि एका कडेला बसून सराव संपेपर्यंत गप्प बघा. मोबाइल खिशात राहू द्या. बोलणं सुरू झालं की आधी तालमीबद्दल विचारा. सांगलीकडच्या एका तालमीत वस्तादांनी मला सरळ विचारलं होतं,

“तुमच्या त्या खेळात गडी पाठीवर पडला तर काय?”

“काय नाही वस्ताद, लढत चालूच राहते.”

“मग ती कुस्ती कसली वो?” ते हसले. आजूबाजूची पोरंही हसली. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “बरं, दावा बघू पाठीवर पडून काय करतासा.”

सोबत आलेला माझा विद्यार्थी मातीत उताणा झाला. वस्तादांनी एक दांडगा पठ्ठ्या त्याच्यावर सोडला. पठ्ठ्याने छाती टेकवून दाबलं आणि सवयीने एक हात जमिनीवर रोवला. माझ्या पोराने तो मनगटापाशी धरला, कंबर वळवून एक पाय त्याच्या मानेवरून घेतला आणि कोपर सरळ केलं. पठ्ठ्याला काय झालं तेच कळेना, नुसता ‘आ’ करून थांबला. पुढचा अर्धा तास वस्ताद स्वतः वाकून तो हात कुठून अडकतो ते बघत होते. त्यातून पोरगा मिळाला का? त्या दिवशी नाही. पण पावसाळ्यात येऊन पोरांना शिकवायचं बोलावणं मिळालं.

पावसाळ्याचं मुद्दाम सांगतो. यात्रा-जत्रांची मैदानं उन्हाळ्यापर्यंत चालतात, तेव्हा पैलवान गावोगावी फिरत असतो आणि इनामाच्या कुस्त्यांवर त्याचा वर्षाचा खुराक निघतो. त्या दिवसांत त्याला दुसरीकडे बोलावू नका. जून ते सप्टेंबर मैदानं नसतात, तो तालमीत असतो आणि नवीन काही करून बघायला मोकळा असतो.

आणि एकतर्फी मागू नका. तुमच्या क्लासमधल्या शहरी पोरांना पट काढायला (पाय धरून पाडायला) शिकवण्यासाठी वस्तादांना किंवा त्यांच्या ज्येष्ठ पठ्ठ्याला आठवड्यातून एकदा बोलवा आणि त्याचं रोख मानधन द्या. तालमीतल्या पोराला आपलं कसब विकता येतं हे तिथे पहिल्यांदा दिसतं, आणि वस्तादांना दिसतं की तुम्ही न्यायला आला नाहीत, देणंघेणं करायला आलात.

चौथी पायरी: घरी जाऊन तीन प्रश्नांची उत्तरं द्या

घरी वडील एक विचारतात, आई दुसरं विचारते, आणि चुलता तिसरं विचारतो. प्रश्न मात्र ठरलेले: नोकरीचं काय, इजा झाली तर काय, पैसे किती.

*नोकरी.* इथे खोटं बोलू नका, एवढंच मी हात जोडून सांगेन. एमएमएच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागते असं सांगणारे लोक आपल्या क्षेत्रात आहेत. आपल्याकडे एकापेक्षा जास्त संघटना ‘राष्ट्रीय’ म्हणवून घेतात, स्पर्धेची फी घेतात आणि पदक-प्रमाणपत्र देतात. कोणत्याही संघटनेकडे पोराचं नाव नोंदवण्याआधी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त महासंघांच्या यादीत ती आहे का, हे स्वतः पाहा आणि पालकांनाही दाखवा. राज्यात नोकरीच्या वेळी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. तिथे कागद फेटाळला गेला की पोराची भरती जाते.

खरं उत्तर असं आहे की पोराने दोन्ही दरडींवर पाय ठेवावा. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो किंवा वुशूत तो खेळत राहील, शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रं जमवत राहील, आणि त्याच अंगमेहनतीवर एमएमए शिकेल. हे चारही खेळ शालेय स्पर्धांत आहेत. मी पालकांना सांगतो, ‘त्याची कुस्ती सुटली तर मला फोन करा, मीच ओरडेन त्याला.’ यातून दोन गोष्टी होतात: घरचा विरोध निम्मा होतो, आणि पोराची कुस्ती पक्की राहते, जिच्यावर आपलं सगळं उभं आहे.

२०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात एमएमएला पहिल्यांदाच जागा मिळाली. त्याचा आधार जरूर घ्या, पण ‘आता सरकारी नोकऱ्या येणार’ असं आश्वासन त्यातून काढू नका.

*इजा.* ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकावर आई कधीच विश्वास ठेवत नाही, आणि बरोबर करते. काय होतं आणि तुम्ही काय करता ते सांगा. डोक्याला मार बसून भोवळ आली, उलटी झाली, विसरल्यासारखं झालं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. डॉक्टर सांगतील तोपर्यंत डोक्यावर एकही ठोसा नाही. गळा आवळला गेला की टॅप करायचं (हाताने थोपटून हार मानायची) आणि टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं. न सोडणाऱ्याला क्लासमधून काढलं जातं. मॅट रोज पुसली जाते, कारण गजकर्ण एकाला झालं की पंधरा दिवसांत सगळ्या तालमीला होतं. हे ऐकताना पैलवानाचे वडील स्वतःच्या मुडपलेल्या कानाला हात लावून म्हणतात, ‘आमच्या वेळी कोण बघत होतं?’ तिथे तुमचं काम झालेलं असतं.

मुलीची आई आणखी विचारते: शिकवणारं कोण, कपडे बदलायची वेगळी सोय आहे का, बाहेरगावी स्पर्धेला सोबत कोण जाणार. या प्रश्नांवर एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर मुलींना बोलवायला अजून तुम्ही तयार नाही. बाई प्रशिक्षक नसेल तर निदान एखादी ज्येष्ठ विद्यार्थिनी सरावाला कायम हजर हवी.

*पैसे.* सुरुवातीला मिळत नाहीत, जातात. हे पहिल्या वाक्यात सांगा. व्यावसायिक लढतीत उतरायचे पैसे वेगळे आणि जिंकल्याचे वेगळे असतात. हरलं की दुसरा भाग बुडाला. त्यातून प्रवास, सरावाचा खर्च, व्यवस्थापकाचा वाटा वजा होतो. लढती महिन्याला नसतात, वर्षाला दोन-तीन मिळाल्या तरी बरं म्हणायचं. मग यात पडावं का? ज्याला पुढे काहीच दिसत नाही त्याच्यासाठी उत्तर ‘करून बघ, पण दोन वर्षं ठरवून आणि शिक्षण न सोडता’ असं आहे. शिकवण्याचं काम हीसुद्धा कमाई आहे. मोठ्या शहरांतल्या जिमना ग्रॅपलिंग (धरपकडीचे डाव) शिकवणारे लोक हवेच असतात, आणि चांगला पैलवान ते काम वर्ष-दीड वर्षात करू लागतो.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने त्याला जिंकू द्या

पैलवान आला की आपल्यातले काही हुशार लोक पहिल्याच दिवशी त्याला जुन्या बॉक्सरसमोर उभं करतात. ‘बघू किती दम आहे ते.’ पोरगा नाकातून रक्त घेऊन घरी जातो आणि परत येत नाही. त्या प्रशिक्षकाला मग प्रश्न पडतो की गुणी पोरं टिकत का नाहीत.

पहिला महिना त्याला त्याच्याच मुलखात ठेवा. पाडण्याचं काम त्याचं, आपली पोरं त्याच्याकडून शिकतील. त्याच वेळी त्याच्या दोन सवयी मोडायला सुरुवात करा. या सवयी कुस्तीत गुण आहेत आणि केजमध्ये घात करतात.

पहिली सवय पालथं पडण्याची. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून पाडलं की पैलवान झटकन पोटावर वळतो, कोपरं अंगाशी घेतो, मान आखडतो आणि वरच्याला डाव करू देत नाही. केजमध्ये असं पालथं पडणं म्हणजे पाठ आयती देणं. वरचा दोन्ही पाय कमरेभोवती अडकवतो, हात हनुवटीखालून घालतो आणि काही सेकंदांत गळा आवळतो. त्याला पाठीवर राहायला शिकवावं लागतं, आणि हे मनाला सगळ्यात जड जातं. लहानपणापासून जे टाळलं, ते आता मुद्दाम करायचं. मी रोज पाच मिनिटं नुसतं पाठीवर पडून समोरच्याला पायांनी लांब ठेवायचा सराव देतो, ठोसे नाहीत, डाव नाहीत. आठ-दहा दिवसांनी ती घाबरगुंडी ओसरते.

दुसरी सवय पट काढतानाची. पैलवान वाकतो आणि डोकं समोरच्याच्या बरगडीबाहेर ठेवून आत शिरतो. मान उघडी पडली की समोरचा ती काखेत धरून गळा आवळतो, या डावाला गिलोटिन म्हणतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरलेल्या भरत खंडारेची लढत पहिल्याच फेरीत सोंग यादोंगच्या गिलोटिनवर संपली. पोरांना ही लढत दाखवा, टिंगल म्हणून नव्हे. आपल्याकडचा माणूस त्या पायरीपर्यंत पोहोचला आणि तिथे कशाने अडला, हे बघण्यासाठी. डोकं आत, छातीला चिकटलेलं, नजर वर. आणि इतकं खाली वाकून उभं राहायचं नाही, कारण इथे गुडघा येतो.

दुसऱ्या महिन्यात पाय टाकणं, हात वर ठेवणं, सरळ ठोसा आणि मांडीवरची लाथ. तिसऱ्या महिन्यात हलकं स्पॅरिंग (सरावाची लढत), तेही अंगावर. डोक्यावर नुसता स्पर्श. पूर्ण जोराचं स्पॅरिंग सहा महिने नको. आठवड्याचं वेळापत्रक तालमीला धरून आखा: पहाटेची तालीम तशीच चालू द्या, संध्याकाळचे दोन किंवा तीन दिवस आपल्याकडे. रोज दोन्हीकडे घासला तर तो दोन महिन्यांत खांदा धरून बसेल. आणि तालमीतल्या जेवणावर पहिल्याच दिवशी व्याख्यान झोडू नका. दूध-तूप-थंडाई चालू दे, फक्त पाणी आणि झोप यांवर लक्ष ठेवा.

सोळाच्या आतल्या पोरांचं काय

थोडक्यात: त्यांना केज दाखवा, आत घालू नका. आंतरराष्ट्रीय हौशी महासंघाच्या, म्हणजे आयमॅफच्या युवा स्पर्धांतही सर्वांत लहान वयोगटांत डोक्यावर प्रहाराला बंदी आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ग्रॅपलिंगचे खेळ, पडायचं कसं, उठायचं कसं, दोरीवर चढणं, एवढं पुष्कळ. क्रिकेट खेळत असतील तर खेळू द्या. या वयात एकाच खेळाला जुंपलेला पोरगा अठराव्या वर्षी कंटाळलेला असतो.

सहावी पायरी: पहिली लढत तुम्ही निवडा, आयोजकाला निवडू देऊ नका

हौशी नियमांत फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या असतात, कोपराचे प्रहार नसतात, नडगीला गार्ड असतो. पहिल्या काही लढती तिथेच व्हायला हव्यात. अडचण अशी की गावोगावी आता ‘फाइट नाइट’ भरतात, आयोजकाला तिकिटं विकायची असतात, आणि पैलवानाचं नाव पोस्टरवर चांगलं दिसतं. तो फोन करून म्हणतो, ‘सर, तुमच्या पोराला थेट प्रो (व्यावसायिक) लढत देतो.’ समोरचा कोण, त्याच्या किती लढती झाल्यात, वजन कधी आणि कुठल्या काट्यावर होणार, केजशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, लढतीआधी रक्ताच्या तपासण्या होतात का, उपचाराचा खर्च कोणाचा: ही उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ झाली तर नाही म्हणा. एक लढत गेली तरी चालेल.

वजन उतरवण्याबद्दल पैलवानांना वाटतं आपल्याला सगळं येतं. रात्रभर पाणी न पिणं, जर्किन घालून धावणं, थुंकत बसणं, हे त्यांचे जुने प्रयोग. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अवघ्या १०० ग्रॅमनी विनेश फोगाट अंतिम लढतीतून बाद झाली, ते सगळ्यांना आठवतं. डिसेंबर २०१५ मधली गोष्ट मात्र आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेच्या मनिलातल्या स्पर्धेआधी वजन उतरवताना यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू मेला. त्यानंतर त्या संस्थेने शरीरातलं पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि लघवीची तपासणी करून अंगात पुरेसं पाणी आहे का ते बघायला सुरुवात केली. तुमच्या नवख्या पोराला त्याच्या चालत्या-बोलत्या वजनाच्या जवळच्या गटात उतरवा. हौशी पातळीवर एखादा किलो जास्त असलेल्याशी लढणं हे सुकलेल्या अंगाने लढण्यापेक्षा कधीही बरं.

हरल्यावर काय, तेही आधी ठरवा. पैलवानाला यात्रेत हरण्याची सवय असते, पण गळा आवळून टॅप करावं लागणं त्याला अपमान वाटतो. पुढच्या सोमवारी त्याला सरावाला बोलवा आणि तोच चोक त्याला इतरांना शिकवायला लावा.

सातवी पायरी: पैसा गावातून उभा करा

गुणी पोराकडून फी घेऊ नका, पण फुकटही ठेवू नका. लहान बॅचला शिकवणं, मॅट पुसणं, सामानाची जबाबदारी असं काहीतरी त्याच्याकडे द्या. ग्लोव्ह्ज आणि नडगीचे गार्ड क्लासचे चालतात. माउथगार्ड मात्र प्रत्येकाचं स्वतःचं, आणि ते नसेल तर त्या दिवशी ठोशांचा सराव नाही.

पुरस्कर्ते शोधायला मुंबईच्या कंपन्यांकडे धावू नका. आपल्याकडे पैलवानाला पोसण्याची रीत आहे. शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, खासबागचं मैदान बांधलं. आज तेच काम साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, गावातला एखादा बांधकाम व्यावसायिक करतो. त्यांच्याकडे जाताना ‘एमएमए’ म्हणून सुरुवात करू नका, ‘आपल्या तालमीचा पोरगा’ म्हणून करा. मागणी नेमकी ठेवा: सहा महिन्यांचा खुराक, एका स्पर्धेचं भाडं, एक तपासणी. ‘काहीतरी मदत करा’ म्हटलं की हार-शाल मिळते.

करार आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. किती वर्षांची बांधिलकी, दुसरीकडे लढता येतं का, इजा झाली तर मुदत वाढते का, एवढं बघाच. आणि एका आयोजकावर पोराचं आयुष्य उभं करू नका. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग मोठ्या झगमगाटात सुरू झाली, तेव्हा किती जणांनी नोकरी सोडायचं मनात आणलं होतं! आज २०१९ पासूनची मॅट्रिक्स फाइट नाइट आहे, उद्या आणखी कोणी असेल. रोड टू यूएफसीसारखी स्पर्धाही आहे. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथला लाइटवेट गट जिंकून यूएफसीचा करार मिळवला. रितू फोगाटने २०१९ मध्ये कुस्ती सोडून वन चॅम्पियनशिपची वाट धरली, तेव्हा तिच्याकडे सिंगापूरला राहून सराव करायची व्यवस्था होती. मोठा निर्णय घेणाऱ्या पोराला आधी विचारा, ‘सराव कुठे करणार, आणि राहणार कुठे?’

जाहिरातीचं थोडक्यात

रक्तबंबाळ तोंडाच्या रील्स टाकू नका. त्या बघून येणारी गर्दी कोणती, हे सुरुवातीलाच लिहिलंय. त्याऐवजी तालमीतला पोरगा पट काढतो, खाली गेल्यावर हात अडकवतो, टॅप होतो, दोघं उठून हात मिळवतात, असा तीस सेकंदांचा तुकडा टाका आणि खाली तालमीचं नाव लिहा, वस्तादांचं लिहा, तुमचं सगळ्यात शेवटी. तो व्हिडिओ वस्तादच चार तालमींना पाठवतात. यात्रा कमिटी परवानगी देत असेल तर मैदानात दोन कुस्त्यांच्या मधे पाच मिनिटांचं प्रात्यक्षिकही चालतं. हलगीच्या तालावर ग्रॅपलिंग बघायला लोकांना मजा येते.

आणि एक दिवस असा येतो की तुमचा सगळ्यात चांगला पोरगा पोलिस भरतीचं पत्र घेऊन येतो. त्याला अडवू नका. पेढे घ्या, ट्रेनिंग सेंटरला जाताना वजन आणि खांद्याचे व्यायाम लिहून द्या, सुट्टीत सरावाला यायला सांगा. पोलिस दलाच्या कुस्ती, बॉक्सिंग आणि वुशूच्या स्पर्धा असतात, तो तिथे खेळेल. दोन-तीन महिन्यांनी त्याच्याच गावातला एखादा बाप तुमच्याकडे येऊन विचारेल की अमक्याला तुम्हीच शिकवत होता ना. त्या वेळी चौथी पायरी पुन्हा पहिल्यापासून चढायची.